भेंडोळं एका दुपारपुरतं मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
शैक्षणिक साहित्य केंद्र (विज्ञान विभाग),
मुख्य इमारत, दुसरा मजला.

विषय : स्नायूतल्या प्रथिनाची पितळी तारेची प्रतिकृती भंगारात न काढता एका दुपारपुरती अंध विद्यालयात पाठवण्याबाबत.

संदर्भ : १) आमच्या अधीक्षकबाईंचे तीन अर्ज.
२) त्यांना आलेली आपली तीन उत्तरं.
३) आपण पाठवलेले चष्मे.

महोदय,

साहेब, समोरची फाईल जरा बाजूला सरकवा आणि खुर्चीत मागे टेकून बसा. तुम्हाला एक गोष्ट सांगतो. अर्जात गोष्ट सांगत नाहीत, हे मला ठाऊक आहे. हा अर्ज टाइप करणारा दुकानदार मघापासून तेच म्हणतोय, "काका, मुद्दे सांगा, मी आकडे घालतो." मी म्हटलं, तू आकडे घाल, मी गोष्ट सांगतो, साहेबांना जे आवडेल ते साहेब वाचतील. तर आकडे त्याचे आणि गोष्ट माझी. ऐकण्यासारखी आहे. यात एक पोरगी आहे, एक भेंडोळं आहे, आणि ते भेंडोळं तुमच्या गोदामात आहे.

१. मी कोण, ते आधी. अंध विद्यालयाच्या आवारात मागच्या बाजूला कार्यशाळा आहे. तिथं मी वेताच्या खुर्च्या विणतो आणि विणायला शिकवतो. शिकवतो म्हणजे शिकवायचो. मी स्वतः आंधळा. टाइपवाला 'दृष्टिहीन' लिहायला निघाला होता, मी नको म्हटलं. लहानपणापासून आंधळा म्हणवून घेतोय, आता या वयात कुठं नाव बदलू? याच शाळेत वाढलो. ब्रेल जेमतेम आलं, गणित त्याहून जेमतेम. पण हातात वेत दिला आणि तेव्हाचे मास्तर म्हणाले, याला इथंच बसवा. बसवलं, तो अजून उठलो नाही.

कार्यशाळेत बाकांची लांब रांग आहे. एके काळी इथं पोरांची एवढी गर्दी असायची की कोण कोणाच्या वेतावर पाय देतोय यावरून रोज भांडण. आता पोरं कॉम्प्युटर शिकतात, फोनवर शिकतात, चांगल्या नोकऱ्यांना लागतात. लागू देत, माझी तक्रार नाही. खुर्च्याही प्लास्टिकच्या झाल्या. कधीमधी कुणाच्या घरून फाटक्या बैठकीची जुनी खुर्ची येते, ती मी भरून देतो. बाकीचा वेळ वेत पिंपातल्या पाण्यात भिजत पडतो आणि मी त्याच्या शेजारी. भिजता भिजता वेत मधूनच टक् करतो. मीही कधीकधी "हं" म्हणतो. दिवसभराचं बोलणं तेवढंच.

२. आता पोरगी. तिला सगळे टकळी म्हणतात. नाव स्वयंपाकघरातल्या मावशींनी ठेवलं, कारण ही जेवताना, चालताना, दात घासताना सुद्धा प्रश्न विचारते. मावशींचं म्हणणं, "हिला एकदा झोपेत बोलताना ऐकलं, तेव्हाही 'का?' असंच म्हणत होती." जन्मापासून आंधळी आहे. आमच्या शाळेतून विज्ञानाला गेलेली ही पहिलीच. राहते आमच्या वसतिगृहात आणि शिकायला जाते रस्त्यापलीकडच्या कॉलेजात, तिथं बाकी सगळी डोळस.

त्या कॉलेजात फार चांगली माणसं आहेत. चांगलीच आहेत, म्हणून तर पंचाईत. आकृतीचा तास आला की तिला सांगतात, "तुला यात सूट आहे, तू बाहेर आरामात बस." साहेब, तुमच्या कागदावर सूट म्हणजे एक शेरा असेल. तिच्यासाठी सूट म्हणजे व्हरांड्यातला बाक. आतून सगळ्या वर्गाचं "अच्छा, असं आहे होय!" ऐकू येतं आणि ही बाहेर बाकाच्या फळीवरचे खिळे मोजत बसते. मला एकदा म्हणाली, "काका, सगळ्यांना एकदम कळतं ना, तेव्हा फार वाईट वाटतं. एकेकट्याला कळलं असतं तर चाललं असतं."

३. मग तुमच्या केंद्राची गाडी आली. तेव्हा तुमच्याकडे पद्धत होती, शाळाशाळांतून साहित्य फिरवायचं. तुमचे गाडीवाले मामा ते भेंडोळं घोंगडीत गुंडाळून, मांडीवर मूल घ्यावं तसं घेऊन वर वाचनालयात गेले. तुमच्या यादीत त्याचं नाव लांबलचक आहे. आम्ही भेंडोळं म्हणतो. पितळी तार, तिची वेटोळी, खाली लाकडी पाट.

सगळी पोरं वर गेली, हात लावून आली. मी गेलो नाही. एका खुर्चीची बैठक अर्धी झाली होती, वेत ओला होता. ओला वेत सोडून उठलं की तो वाळतो आणि मग वाकताना तडकतो. शिवाय मनात म्हटलं, मला काय करायचंय तारांशी? बाकीची पोरं पाच मिनिटांत खाली आली. टकळी येईना. वरून तिचं हसणं तेवढं ऐकू येत होतं. एकटीच हसत होती. गाडीवाल्या मामांनी खालून हॉर्न मारला, पुन्हा मारला, शेवटी वर जाऊन म्हणाले, "ताई, सोड आता, मला अजून दोन शाळा करायच्यात."

खाली आली ती थेट माझ्याकडे. "काका, हात हुंगा." हुंगले. पितळेचा वास, चावी मुठीत धरून ठेवल्यावर येतो तसा. मग सुरू झाली.

"काका, आपल्या स्नायूंत असली भेंडोळी असतात. मोजता येणार नाहीत इतकी."

"माझ्यात नसतील."

"तुमच्यात पण! श्वासातला प्राणवायू धरून ठेवायचं काम त्यांचं."

"धरतात कशानं? त्यांना हात असतात?"

"हात नाहीत, खाच असते. आठ वेटोळी आडवीतिडवी एकमेकांना टेकून बसलेली, आणि मधे खाच. खाचेत एक चकती. त्या चकतीवर प्राणवायू येऊन बसतो, गरज लागली की उठून जातो."

"म्हणजे खुर्चीच की गं."

साहेब, टकळीनं माझ्यासमोरची अर्धी विणलेली बैठक दोन्ही हातांनी चाचपली. मग माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाली, "हो काका. खुर्चीच! आणि वेटोळी जागेवर बसली नाहीत तर खुर्ची बसायच्या कामाची नाही."

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी गेलो असतो वर, तर बरं झालं असतं. वाटलं, पुढच्या खेपेला बघू.

४. पुढची खेप आली नाही. आमच्या अधीक्षकबाईंनी अर्ज केला. त्यावर आपलं उत्तर आलं, 'सदर प्रतिकृती कालबाह्य झाली असून त्याऐवजी अद्ययावत चित्रप्रणाली पुरवण्यात येत आहे.' मागोमाग पुरवलीही. भिंतीएवढा पडदा, आणि खोकंभर चष्मे. ते चष्मे लावले की म्हणे चित्र पडद्यातून बाहेर येऊन अंगावर धावतं.

साहेब, विद्यालयाच्या नावात पहिलाच शब्द 'अंध' आहे. पत्त्यावर लिहिलेला असतो. पाकिटावर तुमच्याच माणसानं लिहिला होता.

पण आलेली वस्तू परत कशी पाठवायची? पोरांनी चष्मे घातले, एकमेकांची नाकं चाचपली, फार हसली. त्या वेळी खोलीत डोळस म्हणाल तर एकट्या मावशी. त्यांनी चष्मा लावला आणि किंचाळल्या, "अगं बाई, अंगावर येतंय गं, बंद करा ते!" तेव्हा आपल्या योजनेचा लाभ आमच्याकडे एका व्यक्तीला झाला आणि त्या बाई दोन दिवस त्या खोलीत झाडायला गेल्या नाहीत.

दुसरा अर्ज केला की विद्यार्थ्यांना चित्र दिसत नाही. उत्तर आलं, 'पडद्याची प्रखरता वाढवावी आणि खोलीत पुरेसा अंधार करावा.' अंधार आमच्याकडे भरपूर आहे साहेब, वेगळा करावा लागत नाही.

तिसऱ्या अर्जावर तुमचा दुरुस्तीवाला आला. बिचारा भला माणूस. घामानं निथळत जिने चढला, तारा काढल्या, तारा घातल्या. बिघाडच नव्हता तर सापडणार काय? त्याला एका कागदावर लिहून न्यायचं होतं, यंत्र सुरू की बंद. अधीक्षकबाईंना विचारलं. बाई खोटं कसं बोलणार? यंत्र सुरूच होतं. म्हणाल्या, "सुरू आहे," आणि सही केली. त्यावरून आपलं तिसरं उत्तर आलं, 'तक्रारीचे निवारण झाले असल्याने प्रकरण बंद करण्यात येत आहे.'

त्या माणसाला बोल लावू नका. जाताना तो माझ्या कार्यशाळेत पाणी प्यायला आला, खुर्चीत बसला आणि बराच वेळ उठला नाही. म्हणाला, "काका, मला कळतं हो सगळं. पण 'सुरू आहे आणि उपयोग नाही' असा रकाना माझ्याकडे नाही." मग म्हणाला, "खुर्ची झकास आहे." माझ्या खुर्चीत कुणी इतका वेळ बसल्याला बरेच दिवस झाले होते. त्याची नोकरी सांभाळा.

५. प्रकरण बंद झालं त्या संध्याकाळी टकळी खाली आली. बाकावर बसली, पाय हलवत राहिली. मग म्हणाली, "काका, तुम्ही बनवा."

"काय बनवू?"

"भेंडोळं. मी सांगते, तुम्ही वळा. वार्षिक प्रयोग-परीक्षेला प्रत्येकानं काहीतरी बनवून समजावून सांगायचं असतं. मला सूट आहे म्हणतात. मला नकोय सूट."

"अगं, मी खुर्च्यांची बैठक विणणारा माणूस. आयुष्यभर सपाट विणलंय."

"तुम्हीच म्हणालात ना खुर्ची आहे म्हणून?"

बोललो होतो खरं. अडकलो.

साहेब, तुम्हाला वेताचं एक सांगतो. वेत भिजवला की ऐकतो. ओला असताना त्याला गजावर वेटोळं घालून बांधून ठेवा, वाळू द्या, मग गज काढून घ्या. तो तसाच राहतो. विसरत नाही. मी मोडक्या खुर्चीचा एक दांडा घेतला आणि त्यावर वेटोळी वळायला लागलो. ती रोज कॉलेज सुटलं की यायची. डोळे मिटून आठवावं तसं हात हवेत फिरवून आठवायची, आणि माझे हात धरून दाखवायची. "हे लांब. याच्यानंतर एक छोटा बाक, कोपरासारखा. मग हे त्याच्यावर असं तिरकं, झोपलेल्या माणसानं छातीवर हात ठेवावा तसं. नाही काका, तो कुशीवर वळला! छातीवर म्हटलं मी." चकती म्हणून तेलाच्या बाटलीचं झाकण घेतलं. सांधे सुतळीनं बांधले.

किती बोलायची! प्रथिन म्हणजे आधी नुसती सरळ माळ असते, मग ती आपली आपण गुंडाळते, आणि गुंडाळल्याशिवाय तिला काही काम करता येत नाही, हे मला त्या बाकावर कळलं. मी विचारलं, "तिला कोण सांगतं कुठं वळायचं?" तर म्हणे, "कुणी नाही काका, माळेतल्या मण्यांचे स्वभाव असतात. काहींना पाणी आवडत नाही, ते आत तोंड लपवतात." मी म्हटलं, हे तर आमच्या वसतिगृहासारखंच झालं, आंघोळीच्या वेळी. त्यावर ती इतकी हसली की सांधलेलं वेटोळं सुटलं.

कार्यशाळेत असा आवाज मी विसरून गेलो होतो. मावशी दारात येऊन म्हणायच्या, "काय चाललंय तुमचं? पूर्वीसारखी शाळा भरली की काय?" मी म्हणायचो, एकच पोरगी आहे, पण वर्गाएवढी आहे.

६. भेंडोळं झालं. टोपलीत घालून ती कॉलेजात घेऊन गेली. तिच्या विज्ञानाच्या बाई मनापासून खूश झाल्या. पण थोड्या वेळानं म्हणाल्या, "अगं, सगळी वेटोळी उलटी वळलीत. प्रथिनात ती स्क्रूसारखी वळतात. ही स्क्रूच्या उलटी आहेत."

टोपली परत आली. मी म्हटलं, यात काय एवढं, उलटी आहेत तर पालथी करू. पालथं केलं, बोट फिरवलं. तशीच! परत सुलटं केलं. तशीच! साहेब, वेटोळं कुठल्याही टोकानं धरा, वळण बदलत नाही. जन्मभर वेत वळतोय, मला कधी जाणवलं नव्हतं. खुर्चीला त्याचा फरक पडत नाही ना. मग मी माझा स्क्रूंचा डबा ओतला आणि एकेका स्क्रूवरून नख फिरवलं. एकूण एक दुसऱ्या बाजूला. सगळे स्क्रू एकीकडे आणि मी एकटा एकीकडे.

कारण साधं आहे. मी डावखुरा. दांडा उजव्या हातात धरतो, वेत डाव्या हातानं वळवतो, आणि हात जिकडे जातो तिकडे वेत जातो. टकळीला वेटोळी आठवत होती, त्यांचा बाक आठवत होता, खाच आठवत होती. कुठल्या बाजूनं वळतात ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आम्हाला दोघांनाही वाटलं, वेटोळं म्हणजे वेटोळं.

७. मी म्हटलं, पुन्हा करू. एकदा वळून वाळलेला वेत उलटा वळत नाही, जुनं वळण धरून बसतो आणि जोर केला की तुटतो. म्हणून नवीन जुडी सोडली. शेवटची होती. या खेपेला दांडा डाव्या हातात धरला. सवय नाही, हात सारखा चुकायचा, पण वळली. आठही वळली. आणि जोडायला घेतली तर काही केल्या बसेनात. वळण बदललं की वेटोळ्याचं टोक भलत्याच बाजूला निघतं. पहिलं बसवावं तर तिसरं आडवं येतं. तिसरं बसवावं तर खाच मिटते. झाकण बसायला जागाच नाही.

टकळी माझ्याकडून भेंडोळं घ्यायची, चाचपायची, सोडायची, परत चाचपायची. कॉलेजातल्या बाईंनाही तिनं विचारलं. त्यांनी मधल्या सुट्टीत पुस्तक उघडून प्रयत्न केला, "हे बघ, हे याच्या मागून जातं... म्हणजे मागून म्हणजे..." तेवढ्यात घंटा झाली. पुस्तकातलं चित्र सपाट, साहेब. मागचं मागे आहे की खाली आहे, ते बाईंनाही बोटानं दाखवता येईना.

मग एका संध्याकाळी ती भेंडोळं मांडीवर घेऊन नुसती बसली. म्हणाली, "काका, इतके दिवस हाताला तुमचंच लागलं ना. आता मला ते खरं आठवतच नाही. आठवायला गेलं की तुमचंच येतं."

हे वाक्य मी अर्जात का घातलं, तर ते फार दिवस माझ्या एकट्याकडे आहे म्हणून. तिच्या हातात एक दुपार होती. पितळेची. ती मी माझ्या वेतानं पुसून टाकली.

८. त्यानंतर ती एकदाच आली. दारातच उभी राहिली, आत आली नाही. म्हणाली, "काका, मी सूट घेते." एवढंच. प्रश्न नाही, काही नाही. मी म्हटलं, "बस की जरा." म्हणाली, "अभ्यास आहे." चप्पल वाजत गेली.

तेव्हापासून आली नाही. जेवणाच्या वेळी असते. मावशी म्हणतात, "ताटातलं मुकाट्यानं संपवते. काय झालंय हिला? काही विचारतच नाही." परवा मावशी स्वतःच तिला म्हणाल्या, "अगं, भात असा का फुगतो, विचार ना मला!" तर म्हणाली, "नको मावशी, ठीक आहे."

कार्यशाळेत आता पूर्वीसारखी शांतता आहे, असं मी म्हणणार होतो. पण पूर्वी मला ती शांतता आहे हे ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. वेताचं टक् ऐकू आलं की मी वळून बघतो, म्हणजे कान वळवतो. ते चुकीचं भेंडोळं बाकावर आहे. दुसरं, अर्धवट, त्याच्या शेजारी. दोन्ही टाकवत नाहीत.

मग मी अधीक्षकबाईंच्या खोलीतून तुमच्या गोदामात फोन केला. गोदामाच्या काकांनी शोधून बघितलं. म्हणाले, "आहे हो. कोपऱ्यात आहे, घोंगडी पण आहे. पण यादीतून काढलंय. या महिनाअखेर पितळ वजनावर जाणार." मी विचारलं, "का देताय असं?" ते म्हणाले, "कोणी मागितलंच नाही."

साहेब, आम्ही तीनदा मागितलं. आणि फायलीत आहे की प्रकरण बंद.

९. तेव्हा सविनय मागणी अशी. हे सविनय टाइपवाल्यानं घातलं, पण राहू दे, बरं आहे. ते भेंडोळं आमच्याकडे एका दुपारपुरतं पाठवा. ठेवून घ्यायचं नाही. नुसतं टकळीच्या हाताला लावायचं.

यादीतून काढलेली वस्तू बाहेर देता येत नाही असा नियम असेल, तर ती यादीत परत घाला, दुपारी वापरा, संध्याकाळी परत काढा. तेही बसत नसेल तर ज्या दिवशी भंगारवाल्याची गाडी येईल, त्या दिवशी ती आमच्या फाटकावरून जाऊ द्या. फाटकाशी थोडी थांबली तर कुणाच्या बापाचं काही जात नाही. आम्ही गाडीतच चढू. भंगारात बसून चाचपू, कपडे खराब झाले तर धुऊ. तेही नको असेल तर आम्ही दोघं बसनं तुमच्या गोदामात येतो. कोपऱ्यात आहे म्हणतात, आम्हाला कोपऱ्याची अडचण नाही, दिवा लावायचीही गरज नाही.

बदल्यात पडदा घेऊन जा. चष्मे घेऊन जा, सगळे आहेत, एकाची काडी मोडली आहे तेवढी मी बांधून देईन. तुमच्या कार्यालयात वेताच्या बैठकीच्या जुन्या खुर्च्या असतीलच, कुठल्याही कार्यालयात असतात, कोपऱ्यात उलट्या घालून ठेवलेल्या. त्या पाठवा, मी भरून देतो. वेताची जुडी संपलीय, ती मात्र पाठवावी लागेल. भेंडोळं येईल त्या दिवशी गाडीवाल्या मामांना हॉर्न मारावा लागणार नाही, त्यांना मी आत बसवीन.

१०. तुम्ही म्हणाल, काका, एका पोरीच्या एका परीक्षेसाठी एवढा खटाटोप? परीक्षेत ती पास होईलच. सूट आहे ना. मार्कही देतील, दयाळू माणसं आहेत. पण ती व्हरांड्यातून पास होईल, साहेब. मग पुढं कुठंही गेली तरी तिथला व्हरांडा आधी शोधेल. आत्ता ती दाराच्या उंबऱ्यावर आहे. माझ्या कार्यशाळेच्या दारात उभी राहिली होती ना, तशीच.

आणि मला हेही कळतं की भेंडोळं नीट झालं तर ती जाईल. मोठ्या कॉलेजात, मोठ्या गावात, जिथं असली कामं करतात तिथं. गेलीच पाहिजे. मग पुन्हा मी, पिंप आणि वेत. सूट घेतली तर कदाचित इथंच राहील, फोनवर उत्तरं द्यायच्या नोकरीला लागेल, संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसेलही. हा हिशेब माझ्या मनात येऊन गेला. एक पूर्ण दुपार तिथंच बसून होता. तो आला म्हणूनच मी उठून टाइपवाल्याकडे आलो. मी हे मागतोय ते सगळं कळून मागतोय, एवढं लक्षात घ्या.

अजून एक. ती हात लावून झाली की, गाडीला फार उशीर होत नसेल तर, ते भेंडोळं थोडा वेळ माझ्या बाकावर ठेवा. मी ते दोनदा बनवलंय, पण कधी बघितलेलं नाही.

११. शेवटचं. या अर्जाचं टकळीला ठाऊक नाही. उत्तर हो असेल तर कसंही कळवा, फोन करा, पत्र पाठवा, नाहीतर सरळ गाडीच पाठवा. पण नाही असेल तर कृपा करून कागद पाठवू नका. माझ्या नावानं कागद आला की अधीक्षकबाई तो टकळीच्या हातात देतात, "काकांना वाचून दाखव" म्हणून. ती कागदावर फोन धरते आणि फोनमधली बाई वाचते. ती बाई सगळं एकाच सुरात वाचते, आमंत्रण असो नाहीतर नकार. तुमचा नकार टकळीनं हातात धरून मला ऐकवावा, असं होऊ देऊ नका.

नाही म्हणायचं असेल तर साहेब, तुम्ही स्वतः या. पुढच्या दारानं नको, मागून या, पिंपाच्या बाजूनं. दार उघडंच असतं. पहिल्या बाकाशेजारी एक खुर्ची आहे, त्या दुरुस्तीवाल्याला आवडली होती ती. तिच्यात बसा, पाठ टेकवा, आणि मग मला काय ते तुमच्या तोंडानं सांगा.

आपला नम्र, आणि बहुतेक वेळ जागेवरच असणारा,

(डाव्या हाताचा अंगठा)
खुर्च्या विणणारे काका,
कार्यशाळा, अंध विद्यालय.

दिनांक : चालू महिन्याची नऊ. महिनाअखेर लांब नाही.

सोबत :
१) चष्म्यांच्या खोक्याचं झाकण. त्यावर आपल्या कार्यालयानं लिहिलेला आमचा पत्ता आहे, पहिला शब्द वाचावा.
२) वेताची दोन वेटोळी, सुतळीनं एकत्र बांधलेली. एक बरोबर, एक माझं. टेबलावर ठेवून बघू नका, दोन्ही सारखीच दिसतात असं टाइपवाला म्हणतो. डोळे मिटून हातात घ्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवा, आणि मग माझ्या अर्जावर काय लिहायचं ते ठरवा.